डाळिंबावरचा ओरखडा

परवा मी आमच्या मुलीचा कॉम्प्युटर पायाने बंद केला. मुद्दाम नाही केला. ती जेवणाची ताटं घ्यायला उठली होती, खुर्ची मोकळी होती आणि पडद्यावर इंग्रजी ओळींची दाटी दिसत होती. मी सहज बसलो. काहीही दाबायचं नाही असं स्वतःला बजावून कीबोर्डावर दोन्ही हात ठेवले. बोटं कळांवर टेकल्याबरोबर माझा उजवा पाय आपोआप वर उचलला गेला आणि दाणकन खाली आला. टेबलाखाली जमिनीवर तिचा वायरींचा बोर्ड होता. त्याच्या लाल बटणावर माझी टाच अशी नेमकी बसली, की ठरवून मारली असती तर चुकली असती. पडदा काळा झाला. स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, "बाबा, काय केलंत?" मी म्हणालो, "लाइट गेले वाटतं." माझ्या डोक्यावर पंखा गरगर फिरत होता.

तिने सेव्ह केलेलं नव्हतं. दुपारपासूनचं काम गेलं. तिला कॉलेजात प्रोजेक्ट द्यायचा आहे आणि त्या प्रोजेक्टात कुठेतरी एक चूक लपून बसली आहे, ती तिला सापडत नाहीये, हे सगळं घर गेले काही दिवस जाणून आहे. जेवताना तिने कोशिंबिरीचं भांडं माझ्यापर्यंत येऊ दिलं नाही, यावरून मी काय ते समजलो. आता या वयात पोरीला कसं सांगायचं, की अगं, पाय माझा असला तरी त्याच्यावर माझा अंमल नाही. तुझ्या जन्माच्या आधी कामाला लागलेला पाय आहे तो. हात कळांवर गेले की त्याला वाटतं, आता आपली पाळी.

आणि त्यातून हे दिवस. पाऊस उघडलेला असतो. सोलापूरचं ऊन गेलं गेलं म्हणताना परत येऊन उंबऱ्यावर बसतं. मधल्या मारुतीपाशी झेंडूचे ढीग लागतात, आपट्याच्या फांद्या घेऊन बाया येतात. लोकांना दसरा जवळ आला की बरं वाटतं. माझ्या नाकात मात्र झेंडूचा वास गेला की मी घरातली बटणं आणि कड्या पुन्हा एकदा तपासून येतो. आपलं काहीतरी चुकलंय आणि ते अजून कुणाला कळलेलं नाही, असं उगाचच वाटत राहतं. इतकी वर्षं झाली, पण तो एक दसरा अजून माझ्या अंगातून उतरलेला नाही.

बहात्तरच्या दुष्काळाचं वर्ष नुकतंच मागे पडलं होतं. पाऊस झाला होता, पण वीज अजून दुष्काळातच होती. कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नसे. मी माळशिरसहून सोलापुरात आलो होतो. चित्रकलेच्या दोन सरकारी परीक्षा पास, एवढंच भांडवल. आमच्याकडे ऊस चांगला येतो, पण त्याचं चित्र काढून कुणी पोटाला देत नाही. लग्न होऊन सहाएक महिने झाले होते. बायको गावी माझ्या आईजवळ, आणि मी साखर पेठेत एका ओळखीच्यांच्या पडवीत पथारी टाकून. अक्कलकोट रोडला नव्या एमआयडीसीतल्या एका चादरीच्या कारखान्यात मला काम लागलं होतं. म्हणजे लागलं असं नाही, लागतंय का ते बघायचं चाललं होतं.

चादरीवरचं फूल माग काही आपल्या मनाने विणत नाही. मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्यांची एक लांबलचक माळ फिरत असते. एक पुठ्ठा म्हणजे चादरीतली एक आडवी ओळ. पुठ्ठ्याला जिथे भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. एवढंच. त्या हो आणि नाहीतून मोर निघतो, वेल निघते, कमळ निघतं. आमची मुलगी सांगते की तिच्या यंत्राच्याही पोटात शेवटी एवढंच असतं. मला ते ऐकून बरं वाटलं, आणि थोडी तिची काळजीही वाटली.

तर त्या पुठ्ठ्यांना भोकं पाडणं हे माझं काम. त्यासाठीच्या यंत्राला कारखान्यात सगळे पियानो म्हणत, कारण त्याला बोटांनी दाबायच्या कळा होत्या. समोर फळीवर चौकटींचा मोठा कागद लावलेला, त्यावर रंगवलेलं नक्षीकाम. त्याच्यावर एक फूटपट्टी आडवी. पट्टीच्या वरची ओळ वाचायची, रंगवलेल्या चौकटींप्रमाणे कळा दाबायच्या आणि पायाने खालचा दांडा दाणकन दाबायचा. भोकं पडत, पुठ्ठा पुढे सरके. पुन्हा कळा, पुन्हा पाय. ओळ संपली की फूटपट्टी एक घर वर.

यंत्र जुनं होतं आणि त्याचे स्वभाव होते. डाव्या करंगळीची कळ जड होती, ती नुसती करंगळीने दबत नसे, मनगट थोडं बाहेर वळवावं लागे. आजही मी चहाचा कप धरतो तेव्हा माझं मनगट तसंच वळतं, आणि पाहुण्यांना वाटतं मी फार ऐटीत चहा पितो. मधली एक कळ दाबली की वर यायला विसरायची, तिला बोटाच्या नखाने उचलून आठवण करून द्यावी लागे. शिवाय माझ्या स्वतःच्या खोडी होत्या. ओळ अर्धी असताना बोलायचं नाही. कुणी हाक मारली तर मान हलवायची, तीही हळू. पाणी प्यायचं ते ओळ संपल्यावर. आमची मुलगी काम करताना पेन्सिल केसांत खोचते, आणि ती कुणी काढायला गेलं तर ओरडते. तिच्या आईला हे विचित्र वाटतं. मला वाटत नाही.

पण माझी मोठी खोड मला स्वतःलाच माहीत नव्हती. मी मागांच्या तालावर काम करत होतो. पलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये मागांची खटखट अखंड चाले. तिने पहिले काही दिवस डोकं उठायचं, मग ती ऐकूच येईनाशी झाली. कानाला येईना, पण पायाला येत होती. पाय त्या खटखटीवर पडत होता. हे मला कधी कळलं, तर एके सकाळी वीज गेली तेव्हा.

अण्णांनी त्या मोसमासाठी नवीन नक्षी काढून घेतली होती. थंडीचा माल दिवाळीआधी बाजारात जायचा होता. अण्णा म्हणजे कारखान्याचे मालक, तेलुगू विणकर घराण्यातले, बोलणं मोजकं. नक्षी डाळिंबांची होती. फळ दोन्ही बाजूंनी सारखं, वर मुकुट, आणि फक्त उजव्या अंगाला एक पान. मला ते पान फार आवडायचं. मी त्या मुकुटाजवळच्या, पानाच्या शेंड्याच्या ओळीवर होतो. कळा दाबलेल्या, पाय वर. आणि सगळे माग एकदम थांबले.

असली शांतता मी तोवर ऐकली नव्हती. बाहेरच्या लिंबावरचा कावळासुद्धा ऐकू आला. माझा पाय हवेतच राहिला. माझं यंत्र पायाने चालणारं, त्याला विजेशी काही देणंघेणं नव्हतं, ते चालवायला हवं होतं. मी चालवलं. ओळ पूर्ण केली, पुठ्ठा काढून ढिगावर ठेवला. आणि दुपारी भाकरीचा पहिला घास तोंडात घालताना मनात आलं, की वीज गेली तेव्हा पाय वर होता. तो मग खाली आला होता का?

एवढंच. एवढ्याशा शंकेने मला जे धरलं, ते सोडेना. मी भाकरी तशीच परत फडक्यात गुंडाळली. मी परत जाऊन बघायला हवं होतं, पण तोवर पुठ्ठे दोऱ्यात ओवायला गेले होते. कुणाला विचारावं तर विचारणार काय? मी नवीन माणूस. नव्या माणसाने "माझं चुकलं असावं" म्हणणं म्हणजे आपल्याच हाताने पिशवी आवरायला घेणं.

कारण अण्णांची एक पद्धत होती. नवा माणूस दसऱ्यापर्यंत बघायचा. खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची, मागांची पूजा व्हायची. ज्याचं त्याने आपल्या यंत्राला हळदीकुंकू लावायचं, अण्णांच्या हातून नारळ घ्यायचा आणि यंत्रापुढे फोडायचा. नव्या माणसाच्या हातात अण्णांनी नारळ दिला, की तो पक्का. अण्णांनी त्याच्या यंत्राची पूजा स्वतःच केली आणि नारळही स्वतःच फोडला, की त्या माणसाने दसऱ्यानंतर यायचं नाही. तोंडाने कुणी काही बोलत नसे. माझ्या आधीचा पंचिंगवाला असाच, पेढा खाऊन, हसतखेळत गेला होता म्हणे.

आणि माझं सगळं त्या एका नारळावर टांगलेलं. काम पक्कं झालं तर दत्त नगरात एक खोली मिळत होती, घरमालकीणबाई दसऱ्यापर्यंत थांबते म्हणाल्या होत्या. खोली मिळाली तर बायकोला आणता येणार होतं. गावाकडून एसटीने आलेल्या माणसाबरोबर आईचा निरोप आला होता, की सुनेने भांडी घासून एका पोत्यात बांधून ठेवलीत, आणि रोज एखादं लागलं की पोतं सोडते आणि परत बांधते. तो निरोप ऐकल्यापासून मला त्या पोत्याचीच स्वप्नं पडत.

दुसऱ्या दिवशी सकाळी डाळिंबाची माळ नरसय्याच्या मागावर चढली. नरसय्या हा त्या रांगेतला विणकर, माझ्याहून वयाने मोठा, येताजाता मला चिडवणारा. माझ्या चित्रकलेच्या परीक्षांवरून सगळा कारखाना मला ड्रॉइंगवाले म्हणायचा, ते नाव त्यानेच पाडलेलं. मी दर थोड्या वेळाने काहीतरी निमित्त काढून त्याच्या मागापाशी जाऊन उभा राहायचो. चादर अजून किनारीतच होती. डाळिंब यायचं होतं. नरसय्या म्हणाला, "एमय्या," म्हणजे त्यांच्या तेलुगूत काय रे बाबा, "उजेडात उभारू नको. तुझी सावली विणून निघंल."

किनार संपत आली आणि वीज गेली. लोक भाकरीची फडकी घेऊन लिंबाखाली गेले. शेडमध्ये मी एकटा. पुन्हा तीच शांतता. मला वाटलं, देवानेच वेळ दिली. त्या ओळीपर्यंत माग पोचायच्या आत काय ते बघून घ्यावं. मी भिंतीची शिडी आणून मागाला लावली, वर चढलो आणि माळेतला तो पुठ्ठा शोधून काढला. माझ्याच पेन्सिलीचा आकडा दोन्ही अंगांना होता, तेव्हा चुकायचा प्रश्न नव्हता. खिशातून त्या ओळीची उतरून आणलेली नक्कल काढून ताडून बघितलं, मग पुन्हा एकदा ताडून बघितलं. पानाचा शेंडा उलट्या बाजूला पडला होता. फळ ठीक, मुकुट ठीक, पान डावीकडे.

मी जी भीती बाळगून होतो ती अशी नव्हती, पण भीतीला एवढे बारकावे कुठे लागतात. चूक आहे, एवढंच तिला ऐकायचं होतं. मी खाली उतरलो, खळ आणि कागदाचा तुकडा आणला, ती भोकं बुजवली. हातपंच आणि हातोडीने दुसऱ्या अंगाला नवी भोकं पाडली. शर्ट पाठीला चिकटला होता. कुणी यायच्या आत शिडी जागेवर ठेवली. वीज आली, माग सुरू झाले आणि मी पियानोवर जाऊन बसलो. त्या दुपारी मला इतकं हलकं वाटलं, की मी चहावाल्याकडे आपणहून दुसरा कप मागितला. पडवीत पाठ टेकल्याबरोबर झोप लागली. माझ्या आयुष्यातली ती शेवटची निर्धास्त झोप असावी.

आमची मुलगी म्हणते, चूक शोधताना सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे बरोबर असलेलं दुरुस्त करणं. ती हे मला शिकवत होती. मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नरसय्याने आदल्या दिवशीच्या चादरी घडी घालायला उन्हात नेल्या आणि तिथेच उभा राहिला. मग त्याने अण्णांना बोलावलं. अण्णांनी चादर सूर्याकडे धरली. मी खिडकीतून बघत होतो, आणि मला त्या अंतरावरून काही दिसायची गरज नव्हती. मला कळलं. प्रत्येक डाळिंबाच्या पानाला शेंड्याजवळ एक बारीक चीर, आणि पान नव्हतं त्या गालावर एक ओरखडा. मांजराने नख मारल्यासारखा. एका डाळिंबावर नाही, सगळ्या डाळिंबांवर, आणि एका चादरीत नाही, त्या मागाने काल विणलेल्या सगळ्या चादरींत. हेच या कामाचं वाईट. हाताने काढलेली चूक एकदाच होते. पुठ्ठ्यातली चूक माग इमानेइतबारे करत राहतो.

अण्णांनी शिडी मागवली आणि स्वतः वर चढले. खळ लावलेला कागद त्यांना लगेच दिसला. त्यांनी पुठ्ठा हातात धरला, बघितला, उजेडाकडे वळवला, मग मागून बघितला. उतरले ते सरळ माझ्याकडे आले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"ड्रॉइंगवाले," ते म्हणाले, "शिडीवरनं पुठ्ठ्याची पाठ दिसते. तोंड मागाकडं असतं. तुम्ही पाठ वाचली."

पाठीमागून वाचलं की डाव्याचं उजवं आणि उजव्याचं डावं होणारच.

"आधीचं बरोबर होतं," अण्णा म्हणाले.

एवढं बोलून त्यांनी तो पुठ्ठा नवा पाडायला सांगितला आणि मी पाडत असताना शेजारी उभे राहिले. त्या वेळी वीज होती, माग चालू होते, पाय बिनचूक पडत होता आणि माझ्या कानशिलांवरून घाम ओघळून कॉलरमध्ये जात होता. नरसय्या दारात येऊन म्हणाला की आरशात बघून दुसऱ्याच गालाला ब्लेड लावलं की रे. बाकीचे हसले. अण्णा हसले नाहीत. ते हसले असते तर मी काहीतरी अंदाज बांधला असता.

खंडेनवमीपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते सांगण्यासारखं नाही. अण्णा नेहमीइतकंच बोलत, म्हणजे जवळजवळ काहीच नाही, आणि त्या काहीच नाहीतून मी रोज वेगळा अर्थ काढत होतो. सकाळी त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, तर वाटे हा निरोप. नाही हलवली, तर वाटे झालंच. अण्णांचा माणूस बाजारातून नारळांचं पोतं घेऊन आला तेव्हा मी त्या पोत्याचा फुगवटा बघून यात आपला असेल का याचा विचार करत बसलो. दत्त नगरच्या घरमालकीणबाई भेटतील म्हणून त्या बाजूचा रस्ता मी सोडला होता. गावी निरोप पाठवायचं टाळलं. पाठवणार काय? पोतं सोड म्हणून?

खंडेनवमीला शेड धुऊन काढली होती. माग थांबलेले, त्यांच्यावर झेंडूच्या माळा. कापसाच्या पिंजेत उदबत्तीचा वास अडकून राहिला होता. पुन्हा ती शांतता होतीच, फक्त आता सणाची. अण्णा स्वच्छ धोतर नेसून, हातात परात घेऊन एकेका मागापाशी जात होते. विणकर आपल्या मागाला हळदीकुंकू लावायचा, अण्णांच्या हातून नारळ घ्यायचा, फोडायचा. नरसय्याने तर पहिल्या फटक्यात फोडला आणि माझ्याकडे बघून भुवई उडवली. मी माझ्या पियानोपाशी उभा. हाताचे तळवे इतके ओले, की विजारीला पुसून पुसून विजार ओली झाली.

सगळे माग झाले. अण्णा माझ्यापाशी आले. आणि मी हळदीच्या वाटीकडे हात न्यायच्या आत त्यांनी स्वतःच बोट बुडवलं आणि माझ्या यंत्राच्या कळांवर हळदीकुंकू लावलं. स्वतः. मला आजूबाजूचं दिसेनासं झालं. एकच दिसत होतं, ते पोतं. ही एकेक भांडं बाहेर काढतेय आणि फळीवर लावतेय.

अण्णा तेवढ्यावर थांबले नाहीत. भिंतीला टेकलेल्या शिडीपाशी गेले. वाकून तिच्या खालच्या पायरीला हळद लावली, कुंकू लावलं, एक झेंडूचं फूल अडकवलं. मग परत आले आणि परातीतला नारळ उचलून माझ्यासमोर धरला.

"घ्या, फोडा," ते म्हणाले. "पण तिच्यावर चढायचं नाही."

पहिल्यांदा नरसय्या हसला. मग सगळी शेड हसली. मी नारळ इतक्या जोरात आपटला, की पाणी अण्णांच्या धोतरावर उडालं.

दसऱ्याला पक्क्या माणसांना एकेक चादर मिळायची. माझ्या वाट्याला त्या ओरखड्यांच्या ढिगातलीच आली. अण्णांनी मुद्दाम दिली की हाताला आली ती दिली, हे मला आजतागायत कळलेलं नाही, आणि विचारायचं धाडस झालं नाही. दुसऱ्या दिवशीच्या एसटीने मी माळशिरस गाठलं. आईच्या पाया पडलो, आपट्याची पानं दिली आणि सोप्यात ती चादर अंथरली. हिने पदराला हात पुसले, खाली बसली आणि तळहात चादरीवरून फिरवला. हळू, पार कडेपर्यंत.

तिने काही बोलायच्या आत मीच बोलायला लागलो. वीज, पाय, शिडी, पुठ्ठ्याची पाठ, सगळं सांगितलं. काम पक्कं झालं हेही सांगितलं, पण ते मध्येच कुठेतरी, ओरखड्याच्या नादात. ती चादरीवर वाकून शोधत होती. तिला काही दिसेना. मी म्हणालो, हे बघ, इथे. तिला दिसेना. शेवटी मी तिचं बोट धरून त्या ओरखड्यावर टेकवलं, एका डाळिंबावर, मग शेजारच्या, मग त्याच्या शेजारच्या. तेव्हा तिला दिसलं. मग तिने आपणहून आणखी एका डाळिंबावर बोट नेलं, आणि मला वाटलं, आता ही विचारणार, असं कसं केलंत म्हणून. मी उत्तरं जुळवायला लागलो होतो.

ती म्हणाली, "तुमी बोट ठेवलं नसतं, तर मला निस्तं डाळिंबच दिसलं असतं की." मग चादरीची घडी घालता घालता म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या आता. खोलीला खिडकी हाय का, ते सांगा."